श्वासावर हललेला हात



तुम्ही विद्यार्थी बक्षिसं घ्यायला व्यासपीठावर येत होता, तेव्हा माझं लक्ष तुमच्या हातांवर होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे कुणाचंही कोपर किती सहज वाकतं ते मी आधी बघते. आज एका हाताबद्दल बोलते.

दुचाकीवरून पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, तर हाताच्या नसा मणक्यापासून उपटून निघू शकतात. माझ्याकडे आलेला मुलगा तुमच्याच वयाचा होता. हात नुसता लोंबत होता. सर्जननी त्याच्या बरगड्यांमधल्या नसा दंडाच्या स्नायूच्या नसेला जोडल्या. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. कित्येक महिने काहीच हललं नाही. मग एक दिवस त्यानं खोल श्वास घेतला आणि दंड थरथरला. त्या नसा श्वासाच्या होत्या ना!

पुढे रोज एकच काम: श्वास घे, वाकव. पुन्हा घे, पुन्हा वाकव. दीडेक वर्षानं गप्पा मारता मारता त्यानं कोपर वाकवलं. श्वास आपल्या लयीत चालला होता. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं, आईच्या आलं.

हे कसं घडलं? मेंदूत धड हलवणारी जागा वेगळी, हात हलवणारी वेगळी. जपानमधल्या संशोधकांनी १९९५ साली अशा रुग्णांच्या मेंदूला बाहेरून चुंबकीय स्पंद देऊन पाहिलं. दंडाला हलवणारी जागा आधी धडाच्या भागात होती, ती हळूहळू हाताच्या भागाकडे सरकली. मेंदूचं काम बघायची आणखी एक वाट आहे: मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे प्राणवायू घेऊन रक्त धावतं. सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवून दिलं, की रक्तातल्या प्राणवायूचा हा बदल एमआरआयमध्ये टिपता येतो. त्याच तंत्रानं आता हालचालीच्या क्षणी मेंदूचा कोणता भाग जागा होतो, ते दिसतं.

मुलांनो, नस सर्जननी जोडली. पण ती नस हाताची आहे, हे मेंदूला शिकवलं त्या मुलाच्या हजारो प्रयत्नांनी. त्यातले बहुतेक फसलेले होते. ते वाया गेले नाहीत.

आणि एक कळकळीची विनंती. त्याचं कोपर वाकतं, पण बोटं अजून मिटत नाहीत. आज घरी जाताना गाडी सावकाश चालवा.