शेवटच्या बाकावरून दिसतंय ना?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल, पण सगळ्यांना कळेल असं." म्हणून प्रोग्रॅमिंग बाजूला ठेवते आणि अक्षरांबद्दल बोलते. मी वेबसाइट बनवते. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न साधा आहे : समोरच्याला वाचता येतंय का?

आपल्या बॅचनं चाळिशी ओलांडली. वाचायचा चष्मा अनेकांच्या खिशात आला. आपले बरेच सर आणि बाई तर सत्तरीपुढे आहेत. पेन्शन, बँक, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं आता स्क्रीनवर येतं. वाचता आलं नाही की माणूस म्हणतो, "माझेच डोळे गेले." पुष्कळदा दोष त्या पानाचा असतो.

आधी ओळीची रुंदी बघू. ओळ संपली की नजर डावीकडे परत येऊन पुढची ओळ पकडते. ओळ फार लांब असेल तर ती चुकते; तीच ओळ पुन्हा वाचली जाते किंवा एखादी सुटते. वर्तमानपत्रात कॉलम असतात ते यासाठीही. इंग्रजी छपाईत एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं चांगली मानतात. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सर्वांत वरच्या पातळीसाठी ८० ही मर्यादा आहे. मोठ्या मॉनिटरवर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडून दिला, तर ती सहज दुप्पट ओलांडली जाते.

फोनवर रुंदी आपोआप कमी होते, तिथे प्रश्न आकाराचा. ब्राउझर स्वतःहून १६ पिक्सेलचं अक्षर देतो. देखणं दिसावं म्हणून ते १२-१३ वर आणलं जातं. मराठी मजकूर मी १८ च्या खाली नेत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, मध्ये 'ष्ट्र'सारखं जोडाक्षर, एवढं सगळं एका अक्षराच्या उंचीत बसवायचं असतं.

तीच गोष्ट दोन ओळींमधल्या अंतराची. दुरेघी वही आठवा. रेघांच्या दोन जोड्यांमध्ये मोकळी जागा असायची, म्हणून वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकत नसे. वेबवर हे अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवावं. मराठीसाठी मी थोडं जास्तच ठेवते.

आपल्या शिक्षकांना हे न सांगता कळत होतं. फळ्यावर लिहून झालं की ते विचारायचे, "शेवटच्या बाकावरून दिसतंय ना?" 'नाही' आलं तर ते फळा पुसून मोठ्या अक्षरात लिहीत. मुलाला डोळे ताणायला सांगत नसत. वेबसाइट बनवणाऱ्याला मात्र शेवटचा बाक दिसत नाही. तो पंचविशीचा असतो, समोर मोठा मॉनिटर असतो, आणि त्याला सगळं छान दिसतं.

आपल्यापैकी कुणाचं दुकान आहे, कुणाचा दवाखाना, कुणाची संस्था. वेबसाइट करून घ्याल तेव्हा तीन गोष्टी तपासा. एका ओळीतली अक्षरं मोजा. अक्षरं दुप्पट मोठी करून पाहा. मजकूर कापला जाता कामा नये. आणि फोनवर दोन बोटांनी पान मोठं होतंय का ते बघा; काही ठिकाणी ती सोय मुद्दाम बंद केलेली असते. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात तो फोन द्या आणि गप्प बसा. तेवढी परीक्षा पुरे.

सर, बाई, तुम्हाला एक विनंती. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की पान मोठं होतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये अक्षराचा आकार वाढवता येतो. ते जरूर वापरा, संकोच करू नका.

या स्मरणिकेची डिजिटल आवृत्ती निघाली तर ते काम माझ्याकडे द्या. तुम्ही ती डोळे न ताणता वाचलीत, तर इंजिनीअरिंगची पदवी सत्कारणी लागली असं मी समजेन.