कूलर बाहेर काढण्याआधी

होळी झाली की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे घरोघरी कूलर बाहेर निघू लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि असंख्य कुटुंबांचा उन्हाळा त्या पत्र्याच्या पेटीच्या भरवशावरच निघतो. हा भरवसा योग्य आहे. मात्र ही पेटी चालते कशी, हे समजून घेऊन तिची निगा राखली पाहिजे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि कूलरमध्ये ती हवेतून घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात पाऊण युनिटाला थोडी कमी, एवढी उष्णता शोषली जाते. पण वाफ भराभर व्हायची तर हवा कोरडी असावी लागते. बाहेर ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर नीट चालणाऱ्या कूलरमधून २८ अंशांच्या आसपासची हवा मिळू शकते. मुंबईत ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम पाच अंश उतरवील आणि खोली दमट करून ठेवील. जूनमध्ये पाऊस लागला की आपल्याकडेही कूलरचा जीव जातो, तो याच कारणाने.

ही एक गोष्ट ध्यानात आली की बाकीचं आपोआप सुटतं. पुष्कळ घरांत गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात आणि मग अंग चिकचिकतं, भिंतींना ओल येते. कूलर सतत नवी हवा आत ढकलत असतो, तिला बाहेर पडायला वाट लागते. म्हणून कूलर खिडकीत, बाहेरच्या बाजूला ठेवा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर त्याच त्या ओल्या हवेला फिरवत राहतो.

दुसरी गोष्ट बर्फाची. पाहुणे आले की टाकीत बर्फ टाकण्याची पद्धत आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी वाफ होताना घेतं. तेव्हा बर्फापेक्षा ताट्यांकडे लक्ष द्या. वाळ्याच्या असोत, लाकडाच्या गवताच्या असोत की हनीकोंबच्या, त्या सगळीकडे सारख्या भिजल्या पाहिजेत. वरच्या पन्हाळीची भोकं क्षारांनी बुजतात, मग ताटीवर कोरडे पट्टे पडतात आणि त्या पट्ट्यांतून गरम झळ जशीच्या तशी आत येते. ही भोकं खिळ्याने मोकळी करा. जुनं गवत खाली बसून वर फट पडली असेल, तर गवत बदला. आधी पंप सुरू करा, ताट्या भिजू द्या आणि मगच पंखा लावा.

पाण्याचं म्हणाल, तर वाफ पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात. नुसतं वरून पाणी भरत गेलं तर ते दिवसेंदिवस खारट होत जातं आणि ताट्या दगडासारख्या कडक होतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि ब्रशने घासा. घासायचं आणखीही एक कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्याच्या काठावर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. पाणी ओतून दिल्याने ती अंडी जात नाहीत, कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात. हंगाम संपल्यावर कूलर ठेवून देतानाही टाकी घासून, कोरडी करूनच ठेवावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत पाणी भरायला गेलेल्या बायका असतात, खेळता खेळता पत्र्याला हात लागलेली मुलं असतात. पंप पाण्यात बुडालेला, पेटी लोखंडाची आणि पायाखालची फरशी ओली. पंपाचं किंवा वायरचं आवरण फाटलं की वीज थेट पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल, तर ती पहिल्या हात लावणाऱ्या माणसातून जाते. म्हणून दोन पिनांचा प्लग कूलरला कधीही लावू नका. तीन पिनांचाच हवा, आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. थोडीशी वीज भलतीकडे वळली तरी ती क्षणात पुरवठा तोडते. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. पायांत चप्पल असू द्या. जोडलेली, टेप गुंडाळलेली वायर टाकीजवळून नेऊ नका.

घरच कमी तापलं, तर कूलरचंही काम हलकं होतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर बरंचसं ऊन परत जातं. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून हिरवी जाळी किंवा चटई बांधा. काचेतून आत आलेली उष्णता पडद्याने बाहेर जात नाही.

ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांनी तो २४ अंशांखाली उतरवू नये आणि सोबत छताचा पंखा चालू ठेवावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार एकेक अंश वर ठेवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते. एसीची जाळी दर पंधरवड्याला धुवा. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी लावू नका. कूलरने सोडलेली ओल काढण्यातच एसीची वीज खर्च होते.

शेवटी घरमालकांना एक कळकळीची विनंती. आपल्या शहरांत शिकायला, कामाला आलेली मुलं-मुली भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि जुने कूलर विकत घेऊन वापरतात. खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. ती तपासणी तुम्ही करून घ्या, आणि ऊन वाढण्याच्या आत, याच महिन्यात करून घ्या. ज्या खोलीचं भाडं आपण घेतो, तिथली वीज सुरक्षित ठेवणं हे आपलंच काम आहे.