'पासवर्ड विसरलात?' या बटणामागचं टपाल

आजचं बोलणं आहे ते मंडळाचा, वाचनालयाचा किंवा माजी विद्यार्थ्यांचा बुलेटिन बोर्ड सांभाळणाऱ्यांसाठी. म्हणजे पीएचपीबीबीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, स्वस्तातलं होस्टिंग, आणि सगळं तांत्रिक काम एकाच माणसाच्या गळ्यात. तो माणूस बहुधा तुम्हीच असाल, म्हणून तर हे ऐकताय.

अशा बोर्डावर 'पासवर्ड विसरलात?' हे बटण सहसा कोणी तपासत नाही. दाबलं की पडद्यावर 'ईमेल पाठवला आहे' असं येतं, आपण खूश. पण ज्याला ते बटण खरोखर लागतं तो दाराबाहेर उभा असतो, आणि तक्रार लिहायची जागा दाराच्या आत! समजा, बडोद्याचे एक सत्तरीचे काका तीनदा बटण दाबतात, इनबॉक्स पाहतात, नाद सोडतात. तुम्ही म्हणता, काका हल्ली लिहीत नाहीत बुवा.

आता ते पडद्यावरचं वाक्य नेमकं काय सांगतं? सुरुवातीला बोर्ड बहुधा पीएचपीच्या मेल फंक्शनवर चालतो. ते फंक्शन पत्र त्याच सर्व्हरवरच्या मेल प्रोग्रामच्या हातात देतं आणि 'झालं' म्हणतं. पत्र पेटीत पडलं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे गूगलने ते घेतलं, स्पॅममध्ये टाकलं की दारातूनच परत पाठवलं, हे त्या फंक्शनला कळतच नाही.

आणि परत पाठवायला कारण असतं. ईमेल पाठवण्याचे एसएमटीपीचे नियम १९८२चे. त्यांत पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोयच नव्हती; प्रेषक म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहावं. त्यावर पुढे ठिगळं लावावी लागली. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये लिहिलेली यादी: आमच्या नावाने हेच सर्व्हर पत्र पाठवतील. डीकिम म्हणजे प्रत्येक पत्रावरची डिजिटल सही. आणि या दोन्हींत पत्र नापास झालं तर त्याचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम असायलाच हवं. दिवसाला ५,०००च्या वर पत्रं गेली तर तिन्ही. 'आमची पाचच पत्रं जातात, आम्हाला कोण विचारतो' असं म्हणून चालत नाही. पहिली अट पाचवाल्यालाही आहे.

म्हणून ॲडमिन पॅनलमधल्या ईमेल सेटिंग्जमध्ये जाऊन मेल फंक्शन बंद करा आणि एसएमटीपी सर्व्हर वापरा. सर्व्हरचं नाव, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, एवढंच भरायचं असतं. पोर्ट बहुतेक वेळा ५८७. त्यात जोडणी साधी सुरू होते आणि मग कुलूपबंद होते. ४६५मध्ये पहिल्यापासून कुलूप. एकाची पद्धत दुसऱ्यावर लावलीत तर बोर्ड नुसता ताटकळत बसतो. २५च्या वाटेला जाऊ नका. ते सर्व्हर-सर्व्हरमधलं दार आहे, आणि बऱ्याच क्लाउड कंपन्या ते बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी बंदच ठेवतात.

मंडळाचं जीमेल खातं वापरणारे पुष्कळ आहेत. तिथे २०२२पासून खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर डोमेनचाच मेलबॉक्स घ्या, किंवा अशी पत्रं पाठवून देणारी एखादी सेवा. चिटणीस बदलले म्हणून पासवर्डची पत्रं थांबली, असं तरी होणार नाही.

प्रेषकाच्या रकान्यात मात्र चिटणीसांचा याहूचा पत्ता घालू नका. याहूने २०१४मध्येच जाहीर केलं की आमच्या नावाचं पत्र आमच्या सर्व्हरवरून आलं नसेल तर नाकारा. तिथे पत्ता तुमच्याच डोमेनचा हवा. अजून एक हमखास फसगत: नवी सेवा घेतली की लोक डीएनएसमध्ये एसपीएफची दुसरी ओळ टाकतात. ओळ एकच चालते. दोन झाल्या की तपासणीच चुकीची ठरते, आणि जुनी चांगली चालणारी ओळही वाया जाते. आहे त्याच ओळीत नवं नाव जोडा.

चाचणी स्वतःच्या एका पत्त्यावर उरकू नका. जीमेल, याहू, रेडिफ, कोणाचं तरी ऑफिस, सगळीकडे पाठवून बघा. संगणकावर जीमेलमध्ये पत्राच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे. तिथे एसपीएफ, डीकिम, डीमार्कसमोर 'पास' दिसतंय का, ते पाहा.

पत्र पोचलं तरी लिंक चालेलच असं नाही. काही सर्व्हर अनोळखी प्रेषकाला आधी 'थोड्या वेळाने या' सांगतात. लिंकचं आयुष्य दहाच मिनिटं असेल तर पत्र येईपर्यंत ती संपलेली असते. शिवाय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांदा बटण दाबलं की पहिली लिंक मरते. काकांनी तीनदा दाबलंय आणि उघडलंय पहिलं पत्र! 'सर्वांत नवीन पत्र उघडा' हे वाक्य पडद्यावरच लिहून टाका, मराठीत.

राहता राहिला तो पत्ताच बंद पडलेला सभासद. निवृत्त झाल्यावर ऑफिसचा ईमेल गेला, पंधरा वर्षांचं लिखाण मात्र त्याच खात्यात. इथे कुठलंही सेटिंग उपयोगी नाही. खात्यावरचा ईमेल तुम्हालाच हाताने बदलावा लागतो. पण फोन आला, आवाज ओळखीचा वाटला, म्हणून बदलू नका. खात्यावर नवा ईमेल घालणं म्हणजे खातंच हातात देणं. आलेला फोन ठेवा, मंडळाच्या सभासद नोंदवहीत आधीपासून लिहिलेला नंबर काढा, आणि त्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन लावा.