पाटी त्यांची, लायसन्स तुमचं

डी.फार्म झालंय, नोकरीत मन रमत नाही आणि बाबांच्या पीएफचे पैसे नुकतेच हातात आलेत. अशा वेळी मेडिकलची फ्रँचायझी घेऊ या, हा विचार येतोच. मी धंद्याचे करार वाचून देण्याचं काम करते, म्हणून आज फक्त त्या करारावर बोलते.

पहिली गोष्ट. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सगळी माहिती लेखी द्यावी लागते, तीही सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. मुख्य आधार 1872 च्या करार कायद्याचा. त्यामुळे मीटिंगमध्ये "महिन्याला एवढा गल्ला होईल" असं कुणी कितीही गोड सांगितलं, तरी ते करारात नसेल तर सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. पाटीवर नाव कंपनीचं, पण ड्रग लायसन्स बहुतेक वेळा तुमच्या नावावर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. तपासणीत काही सापडलं, तर अन्न व औषध प्रशासन लायसन्सधारकाला जाब विचारतं. म्हणून माल कंपनीकडूनच घ्यायची सक्ती असेल, तर विचारा. औषधात खोट निघाली तर नुकसान कोण भरणार? एक्सपायरी जवळ आलेला माल परत घेणार का? उत्तर हो असेल, तर कलम दाखवायला सांगा.

तिसरी गोष्ट हद्दीची. "तुमच्या भागात दुसरं दुकान देणार नाही," असं लिहिलेलं असेल. पण कंपनीचं ॲप त्याच भागात घरपोच औषधं देणार असेल, तर? तेही लिहून घ्या.

आता शेवटची पानं, जी कुणी वाचत नाही. दुकान बंद करायचं ठरलं तर डिपॉझिट कधी परत मिळेल? फ्रँचायझीचा करार 3 वर्षांचा आणि गाळ्याचा लॉक-इन 5 वर्षांचा, असं तर नाही ना? तुमचं दुकान सांगलीत आणि वाद सोडवायचा गुरुग्राममध्ये, हे परवडेल का?

"करार संपल्यावर 2 वर्षं मेडिकल चालवायचं नाही," अशी अट दिसली तर घाबरू नका. करार कायद्याच्या कलम 27 मुळे ती साधारणपणे टिकत नाही. करार चालू असताना मात्र अशी अट चालते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या प्रकरणात तेच सांगितलं.

तर एवढं करा. ड्राफ्ट घरी आणा, आपल्या वकिलाला दाखवा आणि ज्यांनी ही फ्रँचायझी सोडली, अशा दोघांशी तरी बोला. कंपनी ड्राफ्ट घरी न्यायलाच देत नसेल, तर बाबांचा पीएफ बँकेतच राहू द्या. भेटू पुढच्या भागात!