पिस्तुलाचा घांस कां अडकतो ?

जात्याला नवी टाकी लावली म्हणजे त्यावरचें पहिलें दळण माणसांच्या ताटांत पडूं द्यावयाचें नाहीं, अशी जुन्या घरांतून रीत होती. त्या पिठांत दगडाची कच येई. शेर-दोन शेर भरड धान्य दळून टाकलें, दगडाचें खडबडीत तोंड घासून सारखें झालें, कीं मग जातें विश्वासाचें ठरे. कोल्हापुरी वहाणही पहिले कांहीं दिवस पाय चावल्यावांचून रहात नाहीं. अमेरिकेंत असंख्य लोक कमरेला किंवा खिशांत बाळगतात तें लहान स्वयंचलित पिस्तुल याच जातीची वस्तु आहे. भेद इतकाच कीं, वहाण चावली तर फोड येतो. पिस्तुलानें आयत्या वेळीं घांस घेतला नाहीं, तर धन्याच्या जिवावर बेततें.

२३ जून २०२२ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें न्यूयॉर्क राज्याच्या एका कायद्यासंबंधीं निकाल देतांना, स्वसंरक्षणार्थ घराबाहेर पिस्तुल बाळगणें हा नागरिकाचा घटनादत्त हक्क होय, असें ठरविलें. ही रीत बरी कीं वाईट, हा वाद त्या देशांत अजून मिटलेला नाहीं, आणि तो येथें सोडवावयाचाही नाहीं. मात्र जें शस्त्र दिवसभर अंगावर वागवावयाचें तें हलकें व आंखूड असावें, ही मागणी त्यांतून साहजिकच वाढते. आणि सगळी अडचण त्या आंखूडपणांतच आहे.

हें यंत्र चालतें कसें तें पाहूं गेल्यास त्याचें मोठें कौतुक वाटतें. गोळी सुटतांच तिच्या धक्क्यानें पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, मागें जातो. जातां जातां त्याची आंकडी रिकामी पुंगळी नळींतून ओढून काढते व ती बाहेर फेकली जाते. मग दबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढें लोटते. स्लाइड मुठींतील मॅगेझिनमधलें सर्वांत वरचें काडतूस ढकलते. त्याचें नाक एका लहानशा चढणीवर आपटून वर वळतें आणि काडतूस नळींत जाऊन बसतें. हें सारें एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळांत उरकतें, आणि तेवढ्याच अवधींत मॅगेझिनच्या स्प्रिंगला पुढचें काडतूस वर उचलून तयार ठेवावें लागतें. एकाची पंगत उठण्यापूर्वींच दुसऱ्याचें पान मांडावयाचें, असा तो प्रकार आहे.

मोठ्या पिस्तुलांत या धांवपळीला ऐसपैस जागा असते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानें आखलेलें कोल्ट पिस्तुल मार्च १९११ मध्यें तेथील सैन्याच्या कसोटीला लागलें, तेव्हां त्यांतून सहा हजार गोळ्या झाडण्यांत आल्या व एकही अडली नाहीं. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तुल त्याच कसोटींत ३७ वेळां अडखळलें. २९ मार्च रोजीं कोल्टचा स्वीकार झाला. त्याची नळी पांच इंचांची होती. याच ब्राउनिंगनें खिशांतलें पिस्तुल आखलें, तेव्हां त्यानें त्यासाठीं काडतूसही निराळें, अगदीं इवलेंसें केलें. आजचे कारखानदार मात्र पिस्तुल लहान करतात आणि काडतूस मोठेंच ठेवतात. १९८५ सालीं कोल्टनेंच आपल्या जुन्या पिस्तुलाची साडेतीन इंच नळीची आवृत्ति काढली. पण तिनें खावयाचें काडतूस तेंच राहिलें. गेऑर्ग लुगर या ऑस्ट्रियन गृहस्थाचें १९०२ सालचें नऊ मिलिमीटरचें काडतूस सुमारें तीस मिलिमीटर लांब भरतें, मग पिस्तुल केवढेंही असो. स्लाइड हलकी झाल्यानें ती वेगानें मागें येते, तिला धांवायला जागा थोडी, म्हणून स्प्रिंग ताठ करावी लागते. आणि मॅगेझिनला आपलें काम करण्यास मिळणारा क्षण आणखीच आंखडतो.

त्यांतून पिस्तुल नवें असलें म्हणजे स्प्रिंगा कडक, पोलादाच्या कडा खरखरीत, आणि अंगावर कारखान्यांतलें गंज न चढावा म्हणून लावलेलें तेल. म्हणून कार नांवाचे कारखानदार आपल्या माहितीपत्रकांतच सांगतात कीं, दोनशे गोळ्या झाडून होईपर्यंत हें पिस्तुल संरक्षणासाठीं विश्वासाचें समजूं नये. हा सल्ला प्रामाणिक आहे. गिऱ्हाइकानें पैसे मोजून कारखान्याचें उरलेलें काम पुरें करावयाचें, असा त्यावर कोणी आक्षेप घेईल, आणि तो अगदींच निराधार नाहीं. खूण एवढीच पाहावी : पहिल्या पन्नास गोळ्यांत चार वेळां अडलेलें पिस्तुल पुढच्या पन्नासांत एकदां अडलें व नंतर अडेनासें झालें, तर तें रुळत आहे. अडण्याचें प्रमाण तसेंच राहिलें किंवा वाढलें, तर ‘रुळेल हळूहळू’ हें दुकानदाराचें आश्वासन म्हणजे सबब होय. तें पिस्तुल कारखान्याकडे परत धाडावें.

रुळविण्याची रीत साधी आहे. प्रथम पिस्तुल रिकामें असल्याची दोनदां खात्री करून तें उघडावें, पुसावें, आणि माहितीपत्रकांत दाखविलेल्या जागीं तेलाचा हलका हात द्यावा. मग चांदमारीच्या मैदानावर गोल नाकाच्या साध्या काडतुसांनीं आरंभ करावा. प्रत्येक मॅगेझिनवर आंकडा घालावा आणि जवळ एक वही ठेवावी. वही हा शब्द ऐकून नेमबाज हंसतात. पण वहीवांचून हा रोग ओळखतां येत नाहीं. कितवी गोळी, कोणतें मॅगेझिन, कोणतें काडतूस, आणि अडलें तें कोठें, एवढें टिपलें कीं निम्मी चिकित्सा झाली. एकाच मॅगेझिनशीं घांस अडत असेल तर दोष पिस्तुलाचा नसून त्या मॅगेझिनच्या ओठांचा आहे. नेहमीं शेवटचीच गोळी अडत असेल तर मॅगेझिनची स्प्रिंग मंद आहे. काडतुसाचें नाक चढणीलाच टेकून राहिलें, तर मॅगेझिन पुरतें आंत बसलें होतें कीं नाहीं हें आधीं पाहावें. स्लाइड मिटतां मिटतां केसभर उघडी राहिली, तर मळ, कोरडेपणा, किंवा ती हातानें धरून हळूच पुढें सोडण्याची संवय, यांपैकीं कांहीं तरी आहे. स्लाइड मोकळी सोडावी. तिला हात देऊं नये.

साधीं काडतुसें पचूं लागलीं म्हणून काम संपत नाहीं. संरक्षणासाठीं जीं वापरतात तीं काडतुसें पोकळ नाकाचीं असतात, आणि बोथट, पसरट तोंड चढणीवर अधिक अडतें. तीं महाग असल्यानें बहुतेक लोक त्यांतलीं एखाददुसरीच झाडून पाहतात व बाकीचीं भरून ठेवतात. म्हणजे परीक्षा एका धड्याची दिली आणि प्रश्न येणार दुसऱ्यावर !

अडलेलें पिस्तुल सोडवितांना नळीचें तोंड लक्ष्याकडेच असावें, चापावर बोट नसावें आणि मॅगेझिन आधीं काढावें. एखाद्या बाराचा आवाज क्षीण आला तर तत्काळ थांबून, पिस्तुल रिकामें करून नळी तपासावी. आंत गोळी अडकलेली असतांना दुसरी झाडली तर नळी फाटते. रोज तेंच काडतूस काढघाल केल्यास त्याची गोळी पुंगळींत आंत दबत जाते व दाब भलताच वाढतो, तेंही ध्यानांत असावें. आणि चढणीला कानस लावण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाचा दाब दर चौरस इंचास ३५,००० पौंडांपर्यंत जातो. तो सोसणाऱ्या पातळ पितळी पुंगळीला जो पोलादाचा आधार आहे, तोच घरगुती कानशीनें नाहींसा होतो.

इतकें करूनही पिस्तुल अडतें, तेव्हां दोष पुष्कळदां हाताचा निघतो. स्लाइड मागें जाण्यास मूठ स्थिर लागते. मनगट ढिलें पडलें तर सारें पिस्तुलच मागें जातें, स्लाइडची धांव अपुरी पडते, आणि रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजीं धुराड्यासारखी उभी अडकून राहते. पिस्तुल जितकें हलकें तितका हा दोष अधिक. २००८ सालीं निघालेलें रूगर कंपनीचें एक छोटें पिस्तुल तर रिकामें असतां दहा औंसही भरत नाहीं. असें असून लहान हाताला लहान पिस्तुल, या भाबड्या न्यायानें स्त्रियांना व वृद्धांना नेमकीं हींच पिस्तुलें सुचविण्यांत येतात. ज्यांच्या बोटांना ताठ स्प्रिंग ओढवत नाहीं आणि ज्यांचें मनगट धक्का आंवरीत नाहीं, त्यांच्याच पदरीं सर्वांत ताठ आणि सर्वांत उसळणारें यंत्र पडतें. ही चूक कारखानदारांनाही उमगलेली दिसते. स्मिथ अँड वेसननें २०१८ सालीं मंद काडतुसाचें व स्लाइड सहज ओढतां येईल असें पिस्तुल मुद्दाम काढलें. तें खिशांत मावण्याइतकें लहान नाहीं.

ज्यांना तेंही जमत नाहीं त्यांना जुनें रिव्हॉल्व्हर आहे. त्यांत चक्र फिरतें तें धक्क्यानें नव्हे तर बोटाच्या जोरानें. एक काडतूस फुसकें निघालें तर चाप पुन्हा ओढतांच दुसरें पुढें येतें. गोळ्या मात्र पांच किंवा सहा, आणि चाप जड. अमेरिकेंतील पुष्कळशा चांदमारीच्या जागीं अशीं सर्व तऱ्हेचीं शस्त्रें तासाच्या भाड्यानें झाडून पाहावयास मिळतात. दुकानांत हात घालण्यापूर्वीं तेथें पन्नास गोळ्यांचा खर्च करणारा मनुष्य दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबत नाहीं.