घरखर्च आणि काटकसर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरखर्चातील काटकसर या विषयावर चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी आम्हांस सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला होता. ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने काटकसर केली त्या सभागृहाच्या डाव्या बाजूस बसल्या आहेत. व्याख्यान त्यांनी द्यावे आणि आम्ही पुरुषांनी ऐकावे, हेच अधिक शोभले असते. परंतु चिटणीस ऐकेनात. शिवाय आमच्यापाशी एक साधन होते. आमच्या सौभाग्यवती १९९८ च्या जून महिन्यापासून घरखर्चाची वही लिहीत आल्या आहेत. आमच्या मुलांच्या वह्यांत वर्षअखेर जी कोरी पाने उरत ती काढून, दोऱ्याने शिवून केलेल्या त्या वह्या. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला म्हणून आम्ही त्या सर्व पुढे घेऊन बसलो आणि बेरजा केल्या. आज जे सांगावयाचे आहे ते त्या बेरजांतून निघालेले आहे. त्यांपैकी एक बेरीज आम्हांस सुखाची नाही, तीही सांगणार आहोत.

प्रथम स्वयंपाकघर. गॅसची टाकी लावली की तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावयाची, ही सौभाग्यवतींची पद्धत. आरंभी आमची टाकी सुमारे पंचवीस दिवस पुरे. पुढे ती तेहतीस दिवस जाऊ लागली. जादू काही नव्हती. डाळ व कडधान्य तासभर आधी भिजत घालणे, वरण-भात-बटाटे एकाच कुकरात डब्यांनी लावणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, उकळी फुटताच आच मंद करणे (कारण पाणी एकदा उकळले की आच वाढवून ते अधिक गरम होत नाही, नुसती वाफ होऊन जाते), शेगडीची छिद्रे सुईने साफ करून ज्योत निळी राहील असे पाहणे, इतकेच. आणखी एक गोष्ट होती, ती मात्र सौभाग्यवतींच्या हाती नव्हती. घरातील सर्वांनी एका वेळी जेवावयास बसणे. आम्ही पारावर गप्पा मारून नऊ वाजता येणार आणि आमच्यासाठी आमटी तिसऱ्यांदा ऊन होणार, असे चालले होते. टाकीच्या त्या आठ दिवसांपैकी निदान दोन आमच्या वेळेवर येण्याने वाढले, असे त्या सांगतात. पंचवीसाचे तेहतीस दिवस झाले म्हणजे वर्षाकाठी साडेतीन टाक्या वाचल्या.

विजेचा हिशेब तर शाळेतील मुलासही करता येईल. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जाळला तर महिन्याला नऊ युनिटे लागतात. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटाच्या आतच भागवितो. महावितरणच्या बिलात युनिटे वाढत गेली की पुढील टप्प्याचा दरही चढत जातो, म्हणून वाचलेले युनिट हे नेहमी महागातले युनिट असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

धान्याविषयी आमच्या मातोश्रींची रीत आम्ही सोडली नाही. नवी तूरडाळ माघ-फाल्गुनात, गहू आणि मिरची चैत्र-वैशाखात, असे वर्षाचे भरून ठेवावयाचे. उन्हे देऊन, एरंडेलाचा हात लावून, कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवलेला गहू पुढच्या हंगामापर्यंत टिकतो. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोठीला जागा नाही हे आम्ही जाणतो. अशा तीन-चार कुटुंबांनी मिळून पोते घ्यावे आणि वाटून घ्यावे. औषधांच्या बाबतीत डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहिण्याची विनंती करावी. जनऔषधी केंद्रांची योजना २००८ साली सुरू झाली. तेथे तेच औषध कमी किमतीत मिळते, आणि तेथे जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. हप्त्यांवर वस्तू घेताना "शून्य टक्के व्याज" ही पाटी पाहून भुलू नये. शून्य व्याज अशी काही चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज दिसत नसेल तर ते किमतीत किंवा शुल्कात बसलेले असते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. काटकसर करावयाची म्हटले की आपल्या घरांत सर्वप्रथम गृहिणीच्या ताटातले कमी होते. दूध मुलांना, भाजी पुरुषांना आणि उरलेसुरले तिला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. ही बचत नव्हे. हे कर्ज आहे, आणि ते पुढे दवाखान्यात फेडावे लागते.

आता त्या बेरजेकडे वळतो. महिनाअखेर सौभाग्यवती जे शिल्लक टाकीत त्यातून तीनशे रुपये टपाल कचेरीच्या आवर्ती ठेवीत जात. एक खाते पुरे झाले की दुसरे. पावसाळा असो, आजारपण असो, एकही महिना चुकला नाही. चौदा वर्षांचे एकशे अडुसष्ट महिने झाले. व्याज सोडून रक्कम झाली पन्नास हजार चारशे रुपये. वाचलेल्या टाक्या, दोन दोन वर्षे वापरलेल्या साड्या, बाजार उठताना घेतलेली भाजी, हे सारे त्या आकड्यात आहे.

२०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या मुलीचे लग्न झाले. जेवणास चारशे पाने धरली होती, प्रत्यक्षात साडेसातशे उठली. एक पान दीडशे रुपयांस ठरले होते. म्हणजे वरच्या साडेतीनशे पानांचे साडेबावन्न हजार. एकीचा चौदा वर्षांचा संयम आम्ही एका दुपारी वाढून टाकला. ते साडेतीनशे कोण होते? परके कोणीच नव्हते, आपणच होतो. मुलगी म्हणाली होती, "बाबा, दोनशे माणसांत करू या." आम्ही तिला गप्प बसविले. अमक्याने आपल्याला बोलाविले होते, तमक्यास वगळले तर तो काय म्हणेल, या धास्तीने आम्ही पत्रिका वाटीत गेलो. सौभाग्यवतींना आम्ही विचारलेही नाही.

मानपानाचे काय सांगावे! टॉवेल-टोपीचे बासष्ट जोड घेतले, खण आणि साड्या निराळ्या. ही टोपी कोणी घालीत नाही, त्या टॉवेलाने कोणी अंग पुशीत नाही. ती वस्तू एका कपाटातून दुसऱ्या कपाटात प्रवास करीत राहते. खोटे वाटेल, परंतु मुलीच्या लग्नानंतर काही वर्षांनी एका मुंजीत आम्हांस मिळालेल्या टॉवेलाच्या घडीत आमच्याच अक्षरातली चिठ्ठी निघाली. आम्ही ती घडी तशीच ठेवून दिली. पुढे ती कोणास दिली गेली, ते वहीत नाही.

वर्गात इतिहास शिकविताना १८७५ चे दख्खनचे दंगे येत. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, कर्जरोखे जाळले. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असे त्या काळी पुष्कळांचे मत होते. आयोगाने ते पूर्णतः मानले नाही. लग्न क्वचित येते; बियाणे, बैल, सारा, पोटाची गरज यांसाठी वरचेवर घेतलेल्या लहान उचलीच कर्ज अधिक वाढवितात, असा त्याचा अभिप्राय होता. हा अभिप्राय आम्ही वर्षानुवर्षे मुलांना सांगितला आणि मुलीच्या लग्नात त्याचाच आधार घेऊन मनाचे समाधान केले. आता वाटते की तो अभिप्राय त्या शेतकऱ्यास योग्य होता, आम्हांस नव्हता. त्याच्या हाती पोटापुरतेही येत नव्हते. आमच्या हाती महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार येत होता, रोजच्या खर्चाला घरात पहारा होता. आणि जेथे पहारा नव्हता तेथेच भगदाड पडले.

भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे अपुरे पडले, म्हणून एका गृहस्थाकडून आम्ही हातउसने एक लाख रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन व्याजाने. तोंडाने "दोन टक्के" म्हणावयास हलके वाटते. वर्षाचे ते चोवीस टक्के होतात. मुद्दल परत करावयास अडीच वर्षे लागली. तोवर महिन्याला दोन हजार याप्रमाणे साठ हजार रुपये नुसत्या व्याजाचे गेले. वहीत त्या तीस महिन्यांत आवर्ती ठेवीची नोंद नाही. २०१३ साली आमचा धाकटा मुलगा बारावी झाला. परगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यास प्रवेश मिळत होता. फी आणि वसतिगृहाचा खर्च यांची मांडणी आम्ही तीन रात्री केली आणि चौथ्या दिवशी त्यास गावच्याच महाविद्यालयात बी.एस्सी.ला घातले. त्याने आम्हांस आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे. स्त्रियांना काटकसरीचे पाठ देणारी व्याख्याने पुरे झाली, आमचे धरून. पुरुषांनी कार्यकारिणीत बसून ठरवावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत. मानपानाच्या वस्तू बंद करण्याचा ठराव करावा, आणि त्यावर प्रथम सह्या कार्यकारिणीच्या सभासदांनी कराव्यात. मंडळाने भांडी आणि सतरंज्यांचा संच ठेवावा, तो नाममात्र भाड्याने द्यावा. सामुदायिक विवाहात गरिबांच्याच मुली उभ्या राहतात, सधनांची एकही नाही, ही स्थिती बदलावी. साधेपणाने लग्न लावण्याची कल्पना आपल्या प्रांतास नवी नाही. १८७३ साली सत्यशोधक समाजाने ती आचरून दाखविली आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने साधेपणा केला तरच ज्याच्यापाशी नाही त्याची सुटका होईल. गरिबाने साधे लग्न केले तर आपण त्यास गरीब म्हणतो.

येत्या वैशाखात आमच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले आहे. विवाह नोंदणी पद्धतीने होईल आणि नंतर दोन्ही घरांचे मिळून एक जेवण. या वेळी यादी सौभाग्यवतींनी केली. आम्ही तीत पंचवीस नावे घातली, त्यांनी त्यांतली एकवीस खोडली. यादी एकशे ऐंशीवर थांबली आहे. या सभागृहातील पुष्कळांची नावे तीत नाहीत, आणि मुलीच्या लग्नात आपण अगत्याने आला होतात हे आम्ही विसरलेलो नाही. पत्रिका येणार नाही, राग धरू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी यावे. चहा मिळेल, आणि वह्या पाहावयाच्या असतील तर त्याही काढून ठेवू.