जुन्या मालमोटारीचा कार्बोरेटर

पुसद हें गांव पूस नदीच्या कांठीं, डोंगररांगांच्या कुशींत वसलेलें आहे. मूर्तिजापूरहून निघालेली अरुंद मापाची रेल्वे यवतमाळला येऊन थांबली. पुसदचा डोंगर तिनें पाहिला नाहीं. त्यामुळें या भागांतील कापूस आधीं बैलगाडीनें आणि पुढें मालमोटारीनें बाहेर जाऊं लागला. १९५४ सालीं टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यांतून मर्सिडीज-बेंझच्या धर्तीच्या डिझेल मालमोटारी निघूं लागल्या. तत्पूर्वींच्या फोर्ड, शेव्हरोले, डॉज या गाड्या बहुतेक पेट्रोलवर चालत. अशी एखादी गाडी निंबाखालीं वर्षानुवर्षें उभी राहिली आणि धन्याच्या मनांत ती पुन्हां चालती करावी असें आलें, म्हणजे मिस्त्रीचा हात लवकरच एका वीतभर धातूच्या पेटीकडे जातो. तीच पेटी म्हणजे कार्बोरेटर.

पेट्रोल नुसतें ओतलें म्हणून यंत्र चालत नाहीं. त्याची वाफ व बारीक तुषार हवेंत मिसळावे लागतात, आणि तेंही मापानें: वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा. हें मिश्रण करण्याची युक्ति १८९३ सालीं जर्मनींत मायबाख यानें आणि बुडापेस्टमध्यें बांकी व चोंका या जोडीनें सिद्ध केली. तिचें मर्म साधें आहे. नळी मध्येंच अरुंद केली कीं तेथें हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो; इटलीच्या व्हेंचुरी यानें १७९७ सालीं हा गुण वर्णिला होता. त्या अरुंद जागीं एका बारीक छिद्राचें तोंड उघडें ठेवलें, म्हणजे हवा स्वतःच पेट्रोल ओढून घेते. ज्या पितळी तुकड्याच्या छिद्रांतून तें मापून सुटतें, त्यास मिस्त्री जेट म्हणतात.

रोग ओळखल्याशिवाय औषध देऊं नये, हा नियम येथेंही लागू आहे. धुराड्यांतून काळा धूर निघत असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. चढावर गाडी दम सोडीत असेल आणि कार्बोरेटरमधूनच फट्फट् आवाज येत असेल, तर बहुधा तें कमी पडत आहे. तरीही जाणता मिस्त्री प्रथम ठिणगी आणि पेट्रोलची गाळणी तपासतो. कित्येकदां दोष तेथेंच सांपडतो आणि पेटी उघडावी लागत नाहीं.

उघडावीच लागली, तर पेट्रोल काढून घ्यावें, जवळपास विडी पेटूं देऊं नये, आणि पांढऱ्या फडक्यावर एकेक भाग ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें मांडावा. मंद चालीचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो हलक्या हातानें पूर्ण आंत फिरवून किती फेरे बसले तें लिहून ठेवावें. जोडणी करतांना हीच टिपण उपयोगी पडते. नंतर भाग धुवावे, मऊ कुंचल्यानें घासावे आणि छिद्रांतून पंपाची हवा सोडावी. तोंडानें फुंकूं नये, पेट्रोल पोटांत जाणें घातक असतें.

येथेंच घाईचा हात आणि जाणता हात यांतील भेद दिसतो. जेटांत मळ अडकला कीं घाईचा माणूस तार खुपसतो. मळ निघतो, पण मऊ पितळेचें छिद्रही रुंदावतें. व्यास एक दशांशानें वाढला तर छिद्राचें क्षेत्रफळ शंभराचें एकशें एकवीस होतें, म्हणजे पेट्रोलला वाट एक पंचमांशाहून अधिक मोकळी होते. त्या दिवशीं गाडी जोरांत धांवते, मालक खूष होतो. पण पुढें प्रत्येक मैलाला त्याचा खिसा गळत राहतो आणि गळती कोठून आहे हें त्याला कधींच कळत नाहीं. अनेक जेटांवर माप आकड्यांनीं कोरलेलें असतें. छिद्र एकदां बिघडलें कीं तो आकडा खोटा ठरतो.

फ्लोट हा पोकळ डबा पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखतो. तो गरम पाण्यांत बुडवावा. बुडबुडे आले तर छिद्र सांपडलें. मात्र आंत शिरलेलें पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय त्यास झाळ लावूं नये. पेट्रोल अडविणाऱ्या सुईच्या टोंकावर चरा पडला असेल, तर सुई व तिची बैठक दोन्ही बदलावीं. पेटीचें तोंड वांकलें आहे कीं काय, हें कांचेच्या तुकड्यावर ठेवून पाहावें. पॅकिंग नवें घालावें. हवेच्या गाळणीकडेही दुर्लक्ष करूं नये. काळ्या मातीच्या मुलुखांतली उन्हाळ्याची धूळ यंत्राचा घास घेते.

एक नवी काळजीही आहे. २०२५ सालीं भारतांत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. हा मद्यार्क ओल शोषून घेतो आणि जुन्या रबरास फुगवितो. म्हणून जुनी गाडी महिनोन्महिने पेट्रोल भरून उभी ठेवूं नये, आणि नळ्या व पॅकिंगें या इंधनास टिकणारीं घ्यावीं.

सर्व जुळल्यावर यंत्र गरम होऊं द्यावें, मग स्क्रू थोडा आंत, थोडा बाहेर फिरवीत आवाज ऐकावा. चाल सर्वांत एकसारखी लागते तेथें थांबावें. हें थांबणें पुस्तकांत वाचून येत नाहीं. कानाला लागावें लागतें.

नव्या पेट्रोल गाड्यांत हें काम आतां विजेच्या यंत्रणेकडे गेलें आहे, आणि जेट साफ करण्याची विद्या शिकावयास मुलगा क्वचितच बसतो. ती विद्या उद्यां उरेल किंवा न उरेल. पण गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या छिद्राचें माप राखणारा माणूस ज्या गांवांत आहे, त्या गांवाला इतर कामांतही विश्वासाची उणीव पडत नाहीं.